आवाजाची वाटणी

आईचा आवाज आमच्या घरात एका साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये शिल्लक आहे. १९८९ सालचा श्रावण. वाड्यातल्या बायकांचे भजनी मंडळ दर गुरुवारी आमच्या ओसरीवर जमत असे. शेजारच्या एका हौशी मुलाने नवा घेतलेला टेपरेकॉर्डर सतरंजीच्या मध्यभागी ठेवला आणि एका गुरुवारचे भजन टेप करून कॅसेट आईच्या हाती दिली. तीत आई गाते आहे, तिच्याच हातात टाळ आहेत आणि मागच्या खोलीत राहणारे एक वृद्ध गृहस्थ पखवाज वाजवत आहेत. दोन अभंगांच्या मध्ये कुणीतरी चहाचे विचारते, आई ‘थांबा गं, आणखी एक होऊ दे’ म्हणते आणि टेप पुढे सरकते. सहा वर्षांनी आई गेली. मग वाडाही गेला. कॅसेट तेवढी राहिली.

गेल्या दिवाळीत मुलगा बंगळुरूहून आला. त्याने ती कॅसेट संगणकावर उतरवली आणि पेनड्राइव्हवर घातली. एवढ्यावर थांबता तर तो माझा मुलगा कसला? आमच्या दहा वर्षांच्या गाडीत त्याने शहरातल्या एका दुकानातून अॅम्प्लिफायर बसवून घेतला, पुढच्या दारांत नवे स्पीकर, आरशाजवळच्या तिकोन्यात चिमुकले ट्वीटर आणि डिकीत एक भले थोरले खोके. त्या खोक्यात सबवूफर असतो म्हणे. “बाबा, आता प्रवासात आजी ऐका,” असे म्हणून तो दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत गेला.

आम्ही दोघे हौसेने निघालो. कात्रजचा घाट लागायच्या आत हिने कानावर हात ठेवले. पखवाजावर थाप पडली की दाराचे प्लास्टिक थरथरे आणि डिकीत कुणीतरी पिंप बडवल्यासारखा आवाज येई. टाळ सुईसारखे टोचत. आणि आई? ती या दोघांच्या कचाट्यात कुठेतरी दूर, दबलेली. “अहो, बंद करा ते,” ही म्हणाली, “सासूबाई विहिरीतून हाका मारतायत असं वाटतंय.”

एवढे पैसे घालून आईचा आवाज पूर्वीपेक्षा वाईट झाला होता. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. मुलाला फोनवर सांगितले असते तर तो हिरमुसला असता. म्हणून मी ठरवले की हे प्रकरण आहे तरी काय, ते आपणच समजून घ्यायचे. त्यातून जे हाती लागले ते थोडे गाडीबद्दलचे आहे, थोडे गाण्याबद्दलचे, आणि शेवटी माझ्या स्वतःच्या कानांबद्दलचे निघाले.

दहा सप्तकांचे ओझे

डिकीतल्या अॅम्प्लिफायरला एका बाजूला पाच छोटे नॉब होते. बोटांनी फिरत नाहीत, घड्याळजीच्या पेचकसाने फिरवावे लागतात. दोन ‘गेन’चे, एक ‘बास बूस्ट’चा, एकावर ‘एचपीएफ’ आणि एकावर ‘एलपीएफ’. शेवटच्या दोघांच्या एका टोकाला ५० आणि दुसऱ्या टोकाला २५० असे आकडे. मधले काही लिहिलेले नाही. ते कानांनी मोजायचे! या दोघांचे मिळून नाव क्रॉसओव्हर.

हा क्रॉसओव्हर कशासाठी लागतो, ते पेटी वाजवणाऱ्याला चटकन कळेल. मध्य सप्तकातला ‘सा’ आणि तार सप्तकातला ‘सा’ यांत फरक एवढाच की वरच्या ‘सा’ची कंपने बरोबर दुप्पट असतात. दर सप्तकाला दुप्पट. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. तरुण, निरोगी माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंतचे ऐकतो. दुप्पट-दुप्पट करत मोजले तर हा पल्ला जवळजवळ दहा सप्तकांचा होतो. आपली पेटी तीन-साडेतीन सप्तकांची, चांगला गवई तीन सप्तकांत फिरला तर आपण वाहवा करतो. आणि दारातल्या त्या कागदी शंकूकडून मात्र आपण दहा सप्तकांची अपेक्षा धरतो.

त्या शंकूला ते झेपत नाही. का झेपत नाही, याचा हिशोब साधा आहे. स्पीकर म्हणजे हवा ढकलणारा पंखाच. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट अंतर पुढे-मागे व्हावे लागते. दोन सप्तके खाली गेले की सोळापट. साडेसहा इंची स्पीकरला पखवाजाचा घुमारा पेलायला लावले की बिचारा आपल्या चौकटीच्या बाहेर येऊ पाहतो, फाटतो, आणि त्याच वेळी त्याच शंकूवर आईचा आवाजही स्वार असतो. हलत्या बोटीत बसून सही करावी तसा तो आवाज थरथरतो.

ट्वीटरची अडचण उलटी. तो नखाएवढा हलका असतो म्हणूनच टाळाचा झंकार काढू शकतो. खालचे सूर त्याच्याकडे गेले तर तो जळतो. डिकीतल्या दहा-बारा इंची सबवूफरचे अंग जड, त्याला भराभर हलणे जमत नाही; पण मोठा घुमारा तो सहज काढतो. कामे तीन आणि कामकरी तीन. क्रॉसओव्हर त्यांची वाटणी करतो. ‘लो पास’ खालचे सूर जाऊ देतो आणि वरचे अडवतो, ‘हाय पास’ वरचे जाऊ देतो आणि खालचे अडवतो. बँकेत शाखाधिकाऱ्याला अमुक रकमेपर्यंत कर्जमंजुरीचे अधिकार असतात, त्यावरचे प्रकरण विभागीय कार्यालयात जाते. तसेच काहीसे.

फरक एक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. बँकेतली मर्यादा कुऱ्हाडीसारखी असते, एक रुपया जास्त झाला की फाइल वर. आवाजाची मर्यादा म्हणजे घाटाचा उतार. माझ्या अॅम्प्लिफायरचा उतार दर सप्तकाला १२ डेसिबलचा आहे. म्हणजे ‘हाय पास’ ८० हर्ट्झवर लावला तर एक सप्तक खाली, ४० हर्ट्झवर, दारातल्या स्पीकरकडे सुमारे सोळावा हिस्सा शक्ती पोहोचते. २४ डेसिबलचा उतार असेल तर सुमारे अडीचशेवा हिस्सा. बंद काहीच होत नाही, ओसरत जाते. त्यामुळे सीमेच्या आसपास दोघेही स्पीकर थोडेथोडे वाजत असतात. खरी कसोटी तिथेच असते.

सीमेवरचे दोघे

या सीमेचा अभ्यास ज्यांनी केला त्यांच्यापैकी दोघांची गोष्ट मला फार आवडली. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत अभियंते होते. कंपनीतले काम इलेक्ट्रॉनिक मोजमापाच्या उपकरणांचे. स्पीकर हा त्यांचा छंद. त्या काळी बहुतेक जण ब्रिटिश शास्त्रज्ञ स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० साली मांडलेल्या गाळणीच्या गणितावर विसंबून असत. त्या पद्धतीने सीमेवर दोन्ही स्पीकर निम्म्या निम्म्या शक्तीने वाजवले, तर २४ डेसिबलच्या उतारात दोघांची बेरीज थोडी जास्तच भरते आणि तेवढ्या जागी आवाजाला उंचवटा येतो. लिंकविट्झ आणि रायली यांनी १९७६ साली दाखवून दिले की दोघांनीही सीमेवर आणखी थोडे नमते घ्यावे, प्रत्येकाने सहा डेसिबल खाली यावे. मग लाटा बरोबर जुळतात आणि बेरीज पूर्ण एक होते. जगभरच्या कितीतरी स्पीकरांत आज त्या दोघांच्या नावाचा क्रॉसओव्हर असतो.

हे वाचताना मला बँकेतल्या तिजोरीची आठवण झाली. तिला दोन किल्ल्या. एक अधिकाऱ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. एकट्याच्या किल्लीने काही उघडत नाही. दोघे एकाच वेळी हजर लागतात आणि दोघांनी आपापली किल्ली बरोबर दिशेला फिरवावी लागते.

दिशेचे म्हणाल तर स्पीकरलाही ती असते. त्याच्या दोन तारांपैकी धन-ऋण उलटे जोडले गेले तर एक स्पीकर हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो. अडकलेली गाडी ढकलायला दोघे लागावेत, आणि एक मागून ढकलतोय, एक पुढून! गाडी जागची हलत नाही. बास जिथून भरून यायला हवा नेमका तिथेच गायब होतो आणि माणूस मग ‘बास बूस्ट’ पिळत बसतो.

नाना पेठेतले मिस्त्री

वाचून एवढे समजले तरी पेचकस हातात धरायचे धैर्य होईना. शेवटी पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या बाजारात, एका गल्लीत, गाड्यांचे वायरिंग करण्यात आयुष्य गेलेले एक मिस्त्री भेटले. त्यांनी गाणे लावायला सांगितले. दोन ओळी ऐकल्या, बंद केले आणि म्हणाले, “काका, सगळ्यांना सगळं वाजवायला लावलंय. घरात असं करतो का आपण?”

त्यांनी आधी नॉबना हातच लावला नाही. बॉनेट उघडले आणि बॅटरीपासून निघालेली जाड तार बोटाने पुढे पुढे चाचपत नेली. तारेवर फ्यूज होता, पण डिकीत, अॅम्प्लिफायरजवळ. मिस्त्रींचा चेहरा बदलला. “हा इथे काय कामाचा? हा बॅटरीपाशी पाहिजे.” मग समजावून सांगितले. फ्यूज मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत ती तार पत्र्यातून, गालिच्याखालून, सीटच्या पट्ट्यांजवळून जाते. कुठे घासून वरचे रबर गेले आणि तांबे पत्र्याला टेकले, तर बॅटरीची सारी शक्ती त्या जागेतून वाहू लागते आणि तार शेगडीसारखी लाल होते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असेल तर तो त्याच क्षणी वितळतो. डिकीतला फ्यूज मधल्या सगळ्या तारेला उघडे सोडतो. म्हणजे काही महिने आम्ही दोघे आईचे भजन ऐकत एका शेगडीवर बसलो होतो! ज्यांच्या घरी मुलांनी हौसेने असे काही बसवून घेतले असेल त्यांनी उद्या सकाळी बॉनेट उघडून एवढे एक जरूर पाहावे.

फ्यूज जागी बसल्यावर जुळवणी सुरू झाली. मिस्त्रींची पद्धत मी वहीत उतरवून घेतली.

पहिली गोष्ट, सगळे शून्यावर. डॅशबोर्डवरच्या रेडिओचे बास, ट्रेबल, लाउडनेस काढून टाकले, ‘बास बूस्ट’ शून्यावर, दोन्ही गेन किमान. आधी कुणी काय काय चढवून ठेवले आहे ते उतरवल्याशिवाय खरे काय ते कळत नाही.

दुसरी, डिकीतल्या सबवूफरची तार काढली आणि फक्त पुढचे स्पीकर ठेवले. रेडिओचा आवाज तीन चतुर्थांश केला आणि पुढचा गेन हळूहळू वाढवत नेला. आवाज जिथे कर्कश व्हायला लागला तिथून थोडा मागे घेतला. लोक गेनला आवाजाचा नॉब समजतात. तो तसा नाही. रेडिओकडून येणारा संदेश आणि अॅम्प्लिफायरची कुवत यांची गाठ घालून देणे हे त्याचे काम. कुवतीबाहेर चढवला की लाटांचे माथे कापले जातात, गोल टेकड्यांची सपाट पठारे होतात. ती पठारे ट्वीटरना जाळतात.

तिसरी, ‘हाय पास’. नॉब ५० वर ठेवून पखवाजाचा तुकडा लावला. दार थरथरत होते. पेचकस केसभर फिरवायचा, ऐकायचे, पुन्हा केसभर. एका जागी दाराची थरथर थांबली आणि आईचा आवाज एकदम सुटा झाला. बोट सोडून ती काठावर उतरली जणू! मिस्त्री म्हणाले, “ऐंशीच्या आसपास.” या ऐंशीला जगभर मान आहे. जॉर्ज लुकास यांच्या कंपनीत टॉमलिन्सन होल्मन यांनी चित्रपटांच्या ध्वनीसाठी टीएचएक्स नावाची मानके घडवली, त्यांत घरगुती संचासाठी हीच ८० हर्ट्झची सीमा आहे. कारण गमतीदार आहे. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरहून लांब असते. एवढी लांब लाट आपल्या दोन कानांपैकी कुठल्या बाजूने आली, हे मेंदूला उमगत नाही. म्हणून डिकीतला पखवाज, सीमा बरोबर बांधली, तर समोर बसून वाजतो आहे असेच वाटते.

चौथी गोष्ट म्हणजे सबवूफर. त्याचा ‘लो पास’ही ८० वर आणला आणि मग त्याचा गेन. इथे मिस्त्रींनी मला पुढच्या सीटवर बसवले. “डिकी ऐकू आली की सांगा.” ऐकू आली की ते मागे घेत. सबवूफर आहे हे ज्याला कळत नाही त्याची जुळवणी बरोबर, हे त्यांचे सूत्र. शेवटी तारांची अदलाबदल करून पाहिली आणि ज्या जोडणीत पखवाज भरीव वाजला ती कायम केली. मग ‘लो पास’ आणखी थोडा खाली उतरवला, साठ-सत्तरच्या मध्ये कुठेतरी. मी वाचून गेलो होतो, म्हणून विचारले, “दोघांच्या सीमांमध्ये फट नाही का राहणार?” ते हसले. “काका, गाडी म्हणजे बंद डबा. खालचा आवाज तो डबाच फुगवतो. थोडी फट इथं बरी.” पुस्तकात जुळते ते डब्यात कसे वाजते, हे डब्यात बसूनच ठरवायचे.

सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह ‘नेचर’मध्ये आपल्या वाद्यांविषयी एक टिपण लिहिले होते. साध्या ढोलाची कंपने आपसात मेळ खात नाहीत, पण तबला-मृदंगाच्या पुडीवर मध्यभागी चढवलेल्या शाईमुळे ती स्वरात बांधली जातात, हा त्याचा विषय. पखवाजाच्या डाव्या तोंडाला तर वादक बसण्यापूर्वी ओली कणीक लावतो, चिमूटभर कमी-जास्त करत घुमारा हवा तेवढा खाली आणतो. मिस्त्रींचा पेचकस पाहताना मला ते मागच्या खोलीतले गृहस्थ आठवले. कणकेचा गोळा ताटलीत घेऊन, मान तिरपी करून, थाप मारत बसलेले. त्या दिवशी गाडीत त्यांचा पखवाज छत्तीस वर्षांनी पुन्हा स्वरात लागला.

बांगड्या

खालची वाटणी झाली. वरची राहिली. दारातला स्पीकर आणि ट्वीटर यांच्या मधली सीमा एका छोट्या डबीत असते. आत एक तारेचे वेटोळे, ते वरचे सूर अडवते, आणि एक कपॅसिटर, तो खालचे. माझ्या डबीची सीमा साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास आहे. ती बदलता येत नाही, पण ट्वीटर तीन डेसिबल वर, मध्ये की तीन डेसिबल खाली, एवढे ठरवता येते. मिस्त्रींनी तो खाली ठेवला होता. मला पटेना. टाळ वाजतात, पण झंकारत नाहीत. नुसते ‘टक, टक’. घरी येऊन मी स्वतः डबी उघडली आणि ट्वीटर वर चढवला.

संध्याकाळी आम्ही दोघे सिंहगड रस्त्याने निघालो. ही पाच मिनिटांत म्हणाली, “फार टोचतंय हो.” मी म्हणालो, “मला तर अजून कमीच वाटतंय.” थोडा वाद झाला. इतक्यात पहिला अभंग संपला. कुणीतरी चहाचे विचारले. आणि ही एकदम गप्प झाली. तिने माझ्या हातावर हात ठेवला. “ऐकलंत? सासूबाईंनी टाळ खाली ठेवले. त्यांच्या बांगड्या वाजल्या.”

मी मागे नेऊन पुन्हा लावले. पुन्हा लावले. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करून लावले. टाळ सतरंजीवर ठेवल्याचा ‘धप्प’ मला ऐकू येत होता. आईचे ‘थांबा गं’ ऐकू येत होते. बांगड्या मात्र नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बंद खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून ते एकेक सूर ऐकवतात. २५० हर्ट्झ, ५००, हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार. ऐकू आला की बटण दाबायचे. शेवटी हाती एक आलेख आला. डावीकडे सपाट रस्ता, आणि दोन हजारांनंतर सरळ घाट उतरलेला. वयाबरोबर बहुतेकांचे असेच होते, डॉक्टर म्हणाले. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी, उलगडली तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरेल अशी नळी असते. तिच्या तोंडाशी वरचे सूर टिपले जातात, आत टोकाशी खालचे. कुठला सूर कुठे उमटतो हे जॉर्ज फॉन बेकेशी यांनी शोधून काढले आणि त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले. म्हणजे निसर्गाने प्रत्येकाच्या कानात क्रॉसओव्हर आधीच बसवून दिला आहे! सूर टिपणाऱ्या पेशींपैकी नळीच्या तोंडाशी असलेल्या आधी झिजतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वय आपल्या कानाला एक ‘लो पास’ लावते आणि दर वर्षी नॉब थोडा खाली फिरवते.

यात फसगत अशी की माणसाला आपण बहिरे झालो असे वाटतच नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते व्यवस्थित ऐकू येतात. स, श, फ, थ ही व्यंजने वरच्या पट्टीत. ती गळतात. म्हणून ‘ऐकू येतंय, पण कळत नाही’. लोक पुटपुटतात असे मी गेली तीन-चार वर्षे म्हणत होतो. नातवंडे तोंडातल्या तोंडात बोलतात, बातम्या देणाऱ्या मुली घाईत बोलतात, ही स्वयंपाकघरातून अर्धेच वाक्य सांगते! आणि मी पेचकस घेऊन साऱ्या गाडीला माझ्या कानांच्या मापाने टोचरी करत होतो.

भिंतीपलीकडचे ऐंशी

या सगळ्या महिन्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती पालकांसाठी सांगतो. विसर्जनाच्या रात्री डीजेच्या भिंती रस्त्यावरून जातात तेव्हा गाणे कोणते ते आपल्याला घरात कळत नाही, फक्त खिडक्या हादरतात आणि छातीत धडधडते. वरच्या सुरांना भिंती बऱ्याच अडवतात, खालच्या सुरांच्या लांबलचक लाटा पार होतात. नॉब तोच, ऐंशीच्या आसपासचा. डब्यात फट ठेवून जो सौम्य करायचा तो रस्त्यावर शेकडो पटींनी चढवलेला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सोसेल. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. ९० डेसिबलला चारच तास. १०० ला वीस-पंचवीस मिनिटांत आठवड्याचा कोटा संपतो. त्या भिंतीसमोर रात्रभर नाचणाऱ्या पोराचा घाट साठाव्या वर्षी नव्हे, तिशीत सुरू होईल. मुलाने गाडीत सबवूफर बसवला म्हणून रागावू नका. तो कसा जुळवायचा, हे मात्र त्याच्याशेजारी बसून पाहा.

मुलाला शेवटी फोनवर सगळे सांगितले. फ्यूजचे ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाबा, मी उभं राहून बघायला हवं होतं.” मी म्हणालो, “मीही कान आधी तपासायला हवे होते.” तिथे आमची बेरीज पूर्ण झाली.

ट्वीटर आता पुन्हा खाली आहे, मिस्त्रींनी ठेवला होता तिथेच. शेवटचे केसभर फिरवणे हिच्या कानांनी झाले. मी पेचकस धरला, ती पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली आणि ‘आता बरं’ म्हणाली तिथे मी थांबलो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी श्रवणयंत्रही घेतले. तेही आवाज पट्ट्यांत वाटून घेते आणि जिथे माझा कान कमी पडतो तेवढीच पट्टी उचलून देते. पहिल्या सकाळी वर्तमानपत्राचे पान उलटले तर केवढा खळखळाट! फोडणीत मोहरी तडतडते हे मी विसरूनच गेलो होतो.

परवा साताऱ्याला जाताना भजन लावले. खंबाटकीचा घाट मागे पडला, अभंग संपला, कुणीतरी चहाचे विचारले. हिने नेहमीप्रमाणे माझ्याकडे न बघता एक बोट उचलले. आणि त्या बोटाबरोबर मला ऐकू आले, बारीक, काचेचे, दोनदा. माझ्या आठवणीतल्या बांगड्यांपेक्षा थोडा पातळ होता तो आवाज. यंत्राचा असेल, कॅसेटचा असेल. मी काही बोललो नाही. तिने बोट खाली घेतले, आईने ‘थांबा गं, आणखी एक होऊ दे’ म्हटले, आणि मी आवाज न वाढवता गाडी चालवत राहिलो.